बूट काढताना म्हणायचं वाक्य

रझिया तंबोळी मॅडम रस्त्याने पाठमोऱ्या चालत. म्हणजे आपल्याला वाटावं की ही बाई आपल्याकडे पाठ करून पुढे निघाली आहे, आणि पाहावं तर अंतर कमी कमी होत चाललेलं. दापोडीत रेल्वेच्या भिंतीला लागून जी गल्ली जाते, तिथे रोज संध्याकाळी हा प्रकार चाले. तोंड विद्यार्थ्यांकडे, पाठ जगाकडे, गळ्यात शिट्टी, पंजाबी ड्रेसखाली पांढरे कॅनव्हासचे बूट. समोर पाच-सहा जणांची रांग, कोणी कंपनीच्या निळ्या शर्टात, कोणी डब्याची पिशवी खांद्याला अडकवलेलं, आणि सगळे एका पावलावर इंग्रजी बोलत निघालेले. गल्लीला याची सवय झाली होती. शेंगदाणेवाला नुसतं "मॅडम, गाडी" म्हणायचा आणि मॅडम वाक्य न तोडता एक पाऊल डावीकडे सरकायच्या. बकऱ्या आपण होऊन उठायच्या.

मला सवय नव्हती. मी कासारवाडीची. त्या गल्लीच्या तोंडाशी टोमॅटो ताजे मिळतात म्हणून गेलेली. एका हातात पिशवी, दुसऱ्या हाताने कानाला फोन, आणि फोनवर जाऊबाई. मॅडमची पाठ माझ्या पिशवीवर आली, पिशवी सुटली, टोमॅटो थेट भिंतीपर्यंत पोहोचले. मी तोंड उघडणार तेवढ्यात त्या पाठीनेच मला विचारलं, "लागलं का?"

"मला नाही. टोमॅटोंना लागलं."

"मग सॉरी." आणि त्याच दमात समोरच्या रांगेला, "म्हणा."

"सॉरी," सहा जण म्हणाले.

"कोणाला?"

"सॉरी, मॅडम."

"हां. आता वाका आणि वेचा. वाकताना काय म्हणायचं?"

"लेट मी हेल्प यू."

सहा जणांनी वाकून टोमॅटो वेचले आणि प्रत्येकाने पिशवीत टाकताना मला तेच ऐकवलं. माझ्या उभ्या आयुष्यात इतक्या लोकांनी एका वेळी, तेही इंग्रजीत, मला मदत केली नव्हती. मी तेव्हा पन्नाशी ओलांडली होती, म्हणजे आजच्या माझ्या मानाने अल्लड पोरगीच. त्या अल्लडपणात मी ठरवून टाकलं की या बाईचं डोकं फिरलेलं आहे. दुसऱ्या दिवशी मी त्या रांगेत सातवी उभी होते.

कारण गरज माझी होती. चाकणला एका कंपनीत मी स्टोअर सांभाळायचे. गाडीच्या दाराच्या कडेला त्या काळ्या रबरी पट्ट्या असतात ना, त्या आमच्याकडे बनत. त्या वर्षी मालक बदलले आणि नवे साहेब आले, चेन्नईचे. त्यांना मराठी येत नव्हतं, हिंदी यायचं ते आमच्या हिंदीइतकंच. मग सूचना निघाली की प्रत्येक विभागाच्या प्रमुखाने साहेबांसमोर बसून आपल्या विभागाची माहिती इंग्रजीत द्यायची, आणि त्यावरून कोण कुठे राहणार ते ठरणार. डिस्पॅचच्या गायकवाडांना माझं स्टोअर त्यांच्या खात्याला जोडून हवंच होतं. चहाच्या वेळी ते माझ्याजवळ येऊन मायेने म्हणाले, "ताई, तुम्हाला पॅकिंगला बरं पडेल बघा. बसून काम असतं."

ज्या बाईच्या कमरेला वर्षानुवर्षं स्टोअरच्या किल्ल्या, जिच्या सहीशिवाय एक बोल्ट हलत नाही, तिला हा माणूस पॅकिंगला बसवणार. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

मला इंग्रजी येत नव्हतं असं नाही. तीन वाक्यं येत होती: रिसीव्हड इन गुड कंडिशन, शॉर्ट सप्लाय आणि रिजेक्टेड. या तीन वाक्यांवर मी इतकी वर्षं रुबाबात काढली होती, आणि रुबाब एवढा की ती मी घरीही वापरायची. सून पहिल्यांदा घरी आली तेव्हा तिच्या वडिलांना मी हसून म्हणाले होते, "रिसीव्हड इन गुड कंडिशन." ते बिचारे चाकणच्याच एका कंपनीतले. त्यांनी सही करायला खिशातलं पेन काढलं.

मॅडमना हा किस्सा मी पहिल्याच दिवशी सांगितला, मोठ्या तोऱ्यात. त्या चालता चालता म्हणाल्या, "छान आहे. पण सुमन, ही वाक्यं तू उभी राहून म्हणतेस. माल आला, तू उभी. माल गेला, तू उभी. म्हणून तुझं इंग्रजी जागच्या जागी राहिलंय. पाय उचल."

मॅडम इंग्रजीच्या शिक्षिका नव्हत्याच मुळी. त्या शाळेत पीटी शिकवायच्या. इंग्रजीच्या मास्तरांची जागा बरीच वर्षं रिकामी राहिली, तास मोकळे जायला लागले, तेव्हा मुख्याध्यापक म्हणाले, तंबोळीबाई, त्या वेळात मुलांना मैदानावर न्या, दंगा तरी होणार नाही. "आता तास इंग्रजीचा आणि जागा माझी," मॅडम सांगायच्या. "कोणावर अन्याय करायचा? मग दोन्ही केलं." त्यांनी पोरांना कवायतीच्या तालावर इंग्रजी म्हणायला लावलं. पोरं पास व्हायला लागली. निवृत्त झाल्यावर त्यांनी तीच पद्धत गल्लीत आणली. "भाषा पायातून वर चढते," असं त्यांचं ठाम मत होतं. "डोक्यातून आत घातली की घशात अडकून बसते. तुझी बसलीय तशी."

खरं कारण वेगळं होतं, ते मला पुढे कळलं. त्यांचं घर म्हणजे पुढे मेहबूबभाईंचं, त्यांच्या यजमानांचं, रिक्षा दुरुस्तीचं गॅरेज आणि मागे एक खोली. सात माणसं बसवायची तर तीन रिक्षा बाहेर काढायला लागल्या असत्या. मेहबूबभाई म्हणायचे, "मास्तरीण, तुझी पोरं बसव बाहेर. माझ्या गाड्यांना इंग्रजी कळत न्हाई." मग मास्तरणीने पोरं बसवलीच नाहीत.

पद्धत अशी होती. गॅरेजपासून भिंतीच्या शेवटापर्यंत जाताना वर्तमानकाळ. तिथे मॅडम शिट्टी मारायच्या, सगळ्यांनी गर्रकन वळायचं, आणि येताना भूतकाळ. जाताना शेंगदाणेवाला 'इज' असायचा, येताना तोच 'वॉज'. सुरुवातीला तो जरा नाराज होता. लातूरहून आलेला, मशीनवर काम करणारा बालाजी नावाचा एक उंच मुलगा होता आमच्यात. त्याने विचारलं, "मॅडम, मग भविष्यकाळ कुठं करायचा?"

"तो आपापल्या घरी जाऊन करा," मॅडम म्हणाल्या. "मी तुमच्या भविष्याची जबाबदारी घेत नाही."

आणि फेरी संपली, गॅरेजच्या दारात पोहोचलो, की मॅडम पायरीवर टेकायच्या, बुटाची नाडी सोडायच्या आणि पाय बाहेर काढता काढता समाधानाने म्हणायच्या, "वी हॅव कव्हर्ड अ लॉट ऑफ ग्राउंड." मग आम्ही सगळे तेच म्हणायचो आणि वर्ग सुटायचा.

या एका वाक्यावर त्यांचा फार जीव. इतर वाक्यं त्या शिकवायच्या, हे मात्र त्या चाखायच्या. अर्थ साधा आहे: आपण बरंच अंतर चालून आलो, बरंच काही उरकलं. मी तोपर्यंत कव्हर म्हणजे ताडपत्री एवढंच ओळखत होते, कारण पावसाळ्यात स्टोअरच्या मागच्या अंगणातल्या मालावर ती घालायची जबाबदारी माझी. मी आपलं मनात म्हटलं, जमीन कशाला झाकायची? पण बालाजीने त्याच्याही पुढचं विचारलं.

"मॅडम, आमच्या कंपनीत मीटिंग संपली की साहेब हेच म्हणतेत. पण तेनी तर बसूनच असतेत. बसल्या बसल्या बी ग्राउंड कव्हर होतंय का?"

"होतं," मॅडम जरा नाखुशीने म्हणाल्या. "या विषयावरून त्या विषयावर गेले, बरंच काम उरकलं, तरी इंग्रज माणूस असंच म्हणतो. चालतं ते. पण त्यालासुद्धा कायदे आहेत."

मग त्यांनी कायदे सांगितले. हे वाक्य आधी म्हणायचं नाही. मीटिंगच्या सुरुवातीलाच 'आज आपण बरंच ग्राउंड कव्हर करणार' म्हणणारा माणूस फेकू समजावा. मध्येही म्हणायचं नाही, कारण मग पुढचं कोणी ऐकत नाही. हे ना जातानाचं वाक्य, ना येतानाचं. हे पोहोचल्यावरचं, बूट काढतानाचं. किती कव्हर केलं तो आकडा सांगायचा नाही. लॉट म्हणायचं आणि गप्प बसायचं, हिशेब मागणारे मागत बसतील. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ते शक्यतो 'वी' ने म्हणायचं. "'आय' लावून म्हणता येतं, व्याकरण अडवत नाही," मॅडम म्हणाल्या. "पण एकटाच चालून आला असेल तर सांगतोय कोणाला? जे बरोबर चालले त्यांच्याशीच बोलायचं हे वाक्य आहे."

आज माझी ताथवड्याच्या कॉलेजात शिकणारी नात पलंगावर पडल्या पडल्या लॅपटॉपवर कसली कसली प्रोजेक्टची मीटिंग करते आणि सुरू व्हायच्या आतच 'लेट्स कव्हर सम ग्राउंड' म्हणते, तेव्हा मला मॅडमची शिट्टी ऐकू येते. मी एकदा तिला कायदे सांगितले. ती म्हणाली, "आजी, तू म्यूट हो."

पण नातीला मी कोणत्या तोंडाने बोलू? हे वाक्य अंगी लागल्यावर मी स्वतः काय धुमाकूळ घातला ते मलाच माहीत. हळदीकुंकवाहून निघताना म्हटलं. भाजी निवडून झाल्यावर म्हटलं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी खालची ओळ वाचा म्हटल्यावर, ती वाचता येईना, तर तेव्हाही हेच म्हटलं. एकदा कंपनीची बस नाशिक फाट्यावर अशी अडकली की पुढच्या ट्रकमागचं सगळं लिखाण आमचं पाठ झालं. मी ड्रायव्हरच्या मागेच बसलेली, खिडकीतून बाहेर बघत ऐटीत म्हणाले, "वी हॅव कव्हर्ड अ लॉट ऑफ ग्राउंड." ड्रायव्हर वळून म्हणाला, "ताई, अजून नाशिक फाटाच आहे. झोपा तुम्ही."

मॅडमना सांगितलं तर त्या हसल्या नाहीत. "पाय न हलवता म्हणालीस? चल, एक जादा फेरी मार आणि परत म्हण." मी मारली. वाक्याचं कर्ज फेडून झालं तेव्हा कुठे मला सोडलं.

साहेबांची बैठक चार-पाच दिवसांवर आली आणि माझ्या लक्षात एक भयंकर गोष्ट आली. आणली आमच्या ह्यांनी. रात्रीचं जेवण व्हायच्या आधी ते सोफ्यावर बसून म्हणाले, "मी साहेब. सांग तुझ्या स्टोअरची माहिती."

मी समोर बसले. पदर सारखा केला. तोंड उघडलं. काही नाही. एक शब्द नाही. मी म्हटलं, थांबा, पाणी पिऊन येते. उठले, स्वयंपाकघराकडे निघाले आणि पहिल्या पावलाला तोंडातून आलं, "धिस इज आवर मेन स्टोअर." माठापर्यंत जाईतो निम्मं स्टोअर सांगून झालं. पाणी घेऊन परत येऊन बसले, पुन्हा कुलूप. असं तीनदा झालं.

"साहेबांना आपल्या स्वयंपाकघरात आणणार आहेस का?" ह्यांनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी वर्गाच्या आधीच मी दापोडी गाठली आणि मॅडमना सगळं सांगितलं. त्यांना ते पटेचना. "असं कसं होईल? बस इथे." खोलीत त्यांनी मला पलंगावर बसवलं आणि स्वतः समोर स्टूल ओढून बसल्या. शिकवताना त्या बसलेल्या मी पहिल्यांदाच बघत होते. त्यांनाही ते नवीनच असावं, कारण बसल्यावर हात कुठे ठेवायचे ते त्यांना कळेना. "मी साहेब," त्या म्हणाल्या. "विचारते हं तुला." आणि त्यांनी तोंड उघडलं.

आणि तसंच ठेवलं.

मी त्यांच्याकडे बघतेय, त्या माझ्याकडे बघतायत. त्यांचा एक कॅनव्हासचा बूट फरशीवर हळूच टपटप करायला लागला, पण त्याने भागेना. पडदा सारून मेहबूबभाई हात पुसत आत आले. आधी मला बघितलं, मग बायकोला.

"काय झालं? कोण गेलं?"

"कोणी नाही गेलं," मॅडम म्हणाल्या. "इंग्रजी बोलतोय आम्ही."

"असं हाय होय," मेहबूबभाई म्हणाले. "मग रोज आतच बसून बोलत जावा. लई शांती हाय."

ते गेल्यावर मॅडम नुसत्या आपल्या बुटांकडे बघत बसल्या. इतकी पोरं शिकवली, त्यातली किती खुर्चीवर बसून अशीच मुकी झाली असतील, असं काहीतरी त्यांच्या मनात चाललं असणार. मला वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त भीती वाटली, कारण पॅकिंगचं स्टूल मला समोर दिसायला लागलं होतं. मी म्हटलं, "मॅडम, राहू दे. गायकवाडांना घेऊ दे स्टोअर. नाही तरी चार वर्षांनी मी निवृत्तच व्हायचीय."

त्या ताडकन उठल्या. उठल्याबरोबर आवाज परत आला. "तुला बसून येत नाही ना?"

"नाही."

"मग बसू नकोस."

"मॅडम, साहेब 'सिट' म्हणणार."

"म्हणू दे. त्याने सिट म्हणायचं, तू नो सर म्हणायचं. चल, पाय उचल. आज फक्त एवढंच करायचं." त्या संध्याकाळी संपूर्ण वर्ग भिंतीपर्यंत 'प्लीज सिट' म्हणत गेला आणि 'नो सर' म्हणत परत आला. बालाजीने साहेबाचं काम इतकं मन लावून केलं की मला दोनदा खरंच बसावंसं वाटलं.

बैठकीच्या दिवशी माझा नंबर जेवणानंतरचा. माझ्या आधी गायकवाड. काचेच्या खोलीत ते पडद्यावर चित्रं दाखवत होते, एकामागून एक, आणि साहेब बसून बघत होते. गायकवाड बाहेर आले ते घाम पुसत, पण खुशीत. मला म्हणाले, "जा ताई. साहेब चांगले आहेत, काही बोलत नाहीत."

मी आत गेले. साहेब टेबलाच्या त्या टोकाला, शेजारी एचआरची अनघा वही घेऊन.

"प्लीज सिट."

"नो सर," मी म्हणाले. हे अगदी खणखणीत आलं. त्याची तयारी झालेली होती.

साहेबांनी वर पाहिलं. अनघाने डोळे मोठे करून खुर्ची दाखवली. मी टेबलाभोवती चालायला सुरुवात केली. "सर, आय ॲम सुमन जगदाळे. आय लुक आफ्टर द स्टोअर." पहिलं वळण आलं. साहेबांची मान माझ्याबरोबर फिरली. "वी रिसीव्ह द रबर. वी चेक द रबर." दुसरं वळण. मान दुसरीकडून फिरली. पण ती खोली फार लहान होती. आमचं इंग्रजी गॅरेजपासून भिंतीपर्यंतच्या मापाचं. इथे एक वाक्य पुरतं व्हायच्या आत कोपरा यायचा आणि कोपरा आला की माझा काळ बदलायचा. 'वी चेक'चं 'वी चेक्ड' झालं, परत 'वी चेक' झालं. तिसऱ्या फेरीला मला कळलं की आपण आता घेरी येऊन पडणार. मी दाराशी थांबले, दार उघडलं आणि म्हणाले, "प्लीज कम, सर."

अनघाने वही छातीशी धरली. साहेबांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं, टेबलाला हात टेकले आणि ते उठले.

पुढे मी, मागे साहेब, त्यांच्या मागे अनघा. जिना उतरून शेडमधून स्टोअरकडे. तिथली मधली वाट लांबलचक, जवळजवळ आमच्या गल्लीएवढी, आणि तिच्यावर पाय पडल्याबरोबर मला पंख फुटले. कधी वळले आणि साहेबांकडे तोंड करून पाठमोरी चालायला लागले ते मलाही कळलं नाही. धिस इज रॉ रबर, सर. धिस इज क्लिप. धिस इज ओल्ड स्टॉक, धिस इज माय हेडेक. शेवटच्या रॅकशी पोहोचलो, मनातल्या मनात शिट्टी वाजली, आम्ही वळलो, आणि परतीला लागलो तसा माझा भूतकाळ सुरू झाला. दॅट वॉज ओल्ड स्टॉक. दॅट वॉज क्लिप. दॅट वॉज रबर. साहेबांनी थांबून रबराला बोट लावून पाहिलं, मधल्या मध्ये त्याचं काय झालं म्हणून.

स्टोअरच्या दाराशी आलो. आत शिरताना घातलेले सुरक्षेचे जड बूट तिथे काढायचा नियम होता. मी माझे, साहेबांनी अनघाने त्यांना दिलेले, असे दोघांनीही बाकावर टेकून काढले. आता मी बसलेली होते. पण हे वाक्य बसूनच म्हणायचं असतं. पाय बाहेर काढता काढता मी म्हणाले, "सर, वी हॅव कव्हर्ड अ लॉट ऑफ ग्राउंड."

"यस," साहेब म्हणाले. "वी हॅव." आणि पहिल्यांदा हसले.

आठवड्याभरात निकाल लागला. स्टोअर माझ्याकडेच राहिलं. मी दापोडीला धावत गेले, तर मॅडमनी स्टोअरचं विचारलंच नाही. "शेवटी म्हणालीस का?"

"म्हणाले."

"बूट काढताना?"

"हो."

"त्याने काय म्हटलं?"

"वी हॅव, म्हणाले."

मॅडमनी डोळे मिटून घेतले. एखाद्याने त्यांना गाणं ऐकवावं तसं झालं ते. मग हा किस्सा त्यांच्या अभ्यासक्रमातच गेला. नवीन विद्यार्थी आला की त्या मला फोन करून बोलावून घ्यायच्या आणि चालता चालता माझ्याकडून सगळं सांगून घ्यायच्या. सांगता सांगता माझं इंग्रजी सुधारत गेलं, म्हणजे किस्स्यातलं. शेवटी शेवटी तर मी साहेबांना रबराच्या जागतिक बाजारपेठेबद्दल काहीतरी ऐकवायला लागले होते.

चार वर्षांनी माझा निरोप समारंभ झाला. साहेब तोवर बरंच मराठी शिकले होते. ते भाषणात म्हणाले, "जगदाळे मॅडमची एक गोष्ट सांगतो. त्या दिवशी माझी कंबर अशी धरली होती की काय सांगू. सकाळपासून एकेक माणूस येतोय, मला बसवून ठेवतोय, स्लाइड दाखवतोय. उठावं कसं ते कळत नाही. आणि या बाई आल्या, म्हणाल्या, प्लीज कम, सर. मला वाटलं, देवाने पाठवलं. पुढे काय बोलल्या ते मला अर्धंसुद्धा समजलं नाही. पण मी ठरवलं, स्टोअर यांच्याकडेच ठेवायचं. गायकवाडांना दिलं तर ते मला परत बसवतील." सगळे पोट धरून हसले. आपल्याच निरोप समारंभात आपल्याला हसावं लागतं म्हणून मीही हसले. घरी येऊन ह्यांना म्हटलं, बघा, मी आपली इतकी वर्षं इंग्रजीच्या जोरावर मिरवत होते आणि जोर कंबरेचा निघाला.

मॅडमना मात्र हे मी सांगितलं नाही. कसं सांगणार? त्यांच्या वर्गातला सर्वांत भारी किस्सा तो.

मॅडम गेल्या वर्षी गेल्या. त्याआधी काही महिने त्या अंथरुणाला खिळून होत्या. पायांनी साथ सोडली होती. त्याच खोलीत, त्याच पलंगावर. बाहेर गॅरेज चालूच होतं. मी भेटायला गेले की त्या म्हणायच्या, "सांग गं तुझं." आणि मी सांगायची. एक दिवस सांगता सांगता मी बाजारपेठेपर्यंत आले, आणि त्यांचा तो विश्वासाने ऐकणारा चेहरा बघून मला पुढे रेटवेना. मी म्हटलं, मॅडम, एक सांगू का? आणि साहेबांचं भाषण जसंच्या तसं सांगितलं. कंबर, स्लाइड, अर्धं न समजलेलं, सगळं. "म्हणजे इंग्रजीने काही झालं नव्हतं हो," मी म्हणाले. "तो माणूस उठायलाच टेकला होता."

मॅडमनी उशीवरून मान उचलली. मला वाटलं, आता रडतात की काय.

"वेडी आहेस का तू?" त्या म्हणाल्या. "इथे मला उठून बसवायला दोन सुना आणि एक डॉक्टर लागतो, तरी मी उठत नाही. तू एका दुखऱ्या कंबरेच्या माणसाला तीन शब्दांत खुर्चीवरून उठवलंस, जिना उतरायला लावलास, सगळं स्टोअर फिरवून आणलंस. आणि वर म्हणतेस इंग्रजीने काही झालं नाही. आजपासून हीच गोष्ट सांगायची. ती बाजारपेठेची काढून टाक, ती मला आधीपासून खोटी वाटत होती."